लेडीज गाडीचा टायर

"मॅडम, लेडीज गाडी आहे, कुठलाही टायर चालतो. तुम्ही कुठे ऐंशीने पळवणार?"

आज सकाळी एका टायरच्या दुकानात हे ऐकलं. संध्याकाळचे सात वाजले, दहावीच्या पोरांच्या वह्या तशाच पडल्यात, चहा गार झालाय, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

लेडीज गाडी म्हणे. या गाडीच्या पायापाशी दहा-दहा किलोचं दळण येतं, गणपतीत मूर्ती येते, एकदा गॅसची टाकीसुद्धा आली आहे. नवरा (वजन ब्याऐंशी, स्वतःच्या तोंडाने अठ्ठ्याहत्तर) बरेचदा मागे बसून मेट्रोपर्यंत येतो. त्याच्या बाइकवर तो आणि त्याचा डबा, एवढंच ओझं. पण टायर घ्यायला तो गेला की दुकानदार चार कंपन्या काढून ठेवतो, नक्षी दाखवतो. मी गेले की "कुठलाही".

आणि हा "कुठलाही" माळ्यावरून आला. फडक्याने पुसून माझ्यासमोर ठेवला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी वाकून वाचले. १४२१. म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा. एप्रिल! दुसऱ्या लाटेत आपण सगळे ऑक्सिजनच्या बेडसाठी फोन फिरवत होतो ना, तेव्हा जन्मलेला टायर. किंमत मात्र आजची. नीट ठेवलेलं रबर लगेच वाया जात नाही, मान्य. मग त्या वयाचे पैसे कमी कर ना बाबा! तर म्हणे, "एवढं कोण बघतं, मॅडम?"

मी बघते. कारण मी पडले आहे. आणि एकटी नाही पडले.

यादीतल्या जुन्या लोकांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी, जूनचा पहिला पाऊस. आईचा मोतीबिंदू तपासून घरी चाललो होतो. दांडेकर पुलाच्या अलीकडे सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला, मागचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. गाडी अशी निघून गेली जशी कोणी खालून सतरंजी ओढावी. वेग किती असेल? पंचवीस. ऐंशी नव्हे, पंचवीस! मला गुडघ्यावर खरचटण्यापलीकडे काही नाही. आईचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्यामुळे "तुम्ही कुठे पळवणार" हे मला कोणी सांगू नये.

आता मी गणिताची बाई आहे, तेव्हा दोन मिनिटं ऐकाच. माझ्या जुन्या अ‍ॅक्टिव्हाचा टायर ९०/१००-१०. म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची तिच्या शंभर टक्के, आत दहा इंची रिम. व्यास झाला ४३४ मिलिमीटर. एका किलोमीटरला हे चाक सव्वासातशेच्या वर फेऱ्या मारतं. नवऱ्याच्या बाइकचं मागचं चाक अठरा इंची, टायर ८०/१००-१८, त्याच्या फेऱ्या पाचशेच्या थोड्या वर. तेवढ्याच रस्त्यात माझ्या टायरचा प्रत्येक इंच जास्त वेळा घासला जातो. शिवाय इंजिन मागच्या चाकालाच लटकलेलं, बसणाऱ्यांचं वजनही मागेच. म्हणून तर पुढचा टायर ठणठणीत असतो आणि मागच्याचा गोटा होतो. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जातं, त्यात दहा इंची चाक उतरून बसतं. नीट टायर कोणाला हवा मग? जिला "कुठलाही" चालतो, तिलाच!

दुकानदाराने आणखी एक सल्ला फुकट दिला. "रुंद टाका, १००/९०-१०, ग्रिप वाढते." मी म्हटलं, कंपनीने दिलंय तेच हवंय. घरी येऊन हिशोब केला तर शंभराचे नव्वद टक्के म्हणजे नव्वदच, उंची तीच येते. कित्येक जण लावतातही. ठीक आहे, तेवढं तो चुकीचं बोलला नाही. पण मला नको होता तो नको होता.

कमेंटमध्ये येऊन एमआरएफ की सीएट यावर भांडू नका. ताजा टायर, बरोबर माप, पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा, आणि मापापुढचा ५३जे. त्रेपन्न म्हणजे त्या एका टायरने २०६ किलो पेलायचे, इंग्रजी 'जे' (J) म्हणजे वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत. एवढं जुळलं की नाव कुठलं का असेना.

पुन्हा त्या दिवसाकडे येते. पडल्यावर मी सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. पावसाला, पांढऱ्या रंगाला, पुढच्या रिक्षाला. इथेच भलीमोठी पोस्ट टाकली होती आणि तुम्ही सगळ्यांनी "काळजी घे गं" म्हटलं होतं.

त्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली नव्हती.

आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पोरगा, त्याने पाडव्याच्या आसपासच सांगितलं होतं. "काकू, मागचा गोटा झालाय. हे बघा, खाचेतला हा उंचवटा, टायर संपल्याची खूण असते ती, तो पण घासून सपाट झाला. पावसाच्या आत बदला." मी म्हटलं, "जूनमध्ये बघू रे, शाळा सुरू झाली की." तेराशे रुपयांचा प्रश्न होता. आणि मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला मी साडेचार हजारांची साडी घेतली. तीच नेसून काढलेला फोटो तुम्ही लाइक केलाय.

आईने एका शब्दाने विचारलं नाही. तिला टायरमधलं काय कळतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. म्हणजे मी पण त्या दुकानदारासारखीच की! लेडीज गाडी आहे, चाललंय ना, चालू दे.

मागचा मी तेव्हाच बदलला, पडल्यावर दुसऱ्या दिवशी. शहाणपण. पण पुढचा गाडीबरोबर आलेलाच होता, २०१८ चा. नक्षी शिल्लक, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या. आज त्याच्यासाठीच गेले होते.

त्या दुकानातून उठले आणि तिथून पुढे नाना पेठेत गेले. एका छोट्या गाळ्यात वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच आकडे दाखवले, "तीन महिन्यांचाय, काकू." फिरायच्या दिशेचा बाण बघून टायर चढवला, वॉल्व्ह नवा घातला, आणि हवा भरताना विचारलं, मागे कोणी बसतं का? बसतं म्हटल्यावर पुढे २२, मागे ३६. गाडीवरच्या स्टिकरवरही तेच लिहिलंय. पंपावरचे लोक न विचारता दोन्हीकडे तीस मारतात. निघताना म्हणाला, "पहिले शंभर किलोमीटर जपून, नवीन टायर गुळगुळीत असतो." त्या पोराला मी पैसे देऊन वर केळी दिली. पिशवीत होती म्हणून.

घरी आले तेव्हा आई खाली बाकावर बसली होती. त्या दिवसानंतर ती माझ्या मागे बसलेली नाही, रिक्षाच करते. कधी नाही म्हणत नाही, फक्त म्हणते, "आज रिक्षाने जाऊ, ऊन आहे." थंडीतही ऊन असतं तिला.

आज उठून आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. नव्या टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, त्यातला एक डाव्या हाताने ओढून बघितला. तो हात अजून पूर्ण वळत नाही तिचा.

"हे कापायचे राहिले का गं त्याचे?"

"नाही गं आई, नवीन टायरला असतातच. जातात आपोआप."

"किती दिवसांनी?"

मी म्हटलं, शंभर किलोमीटर.

"मग शंभर झाले की सांग," म्हणाली आणि जिना चढायला लागली.

सहा झालेत.