जुन्या रेडिओवर कार्यक्रम करताय? मग हे वाचा

दुसऱ्या महायुद्धातल्या रेडिओवरचे विनोद आणि गाणी यांवर एखादी संध्याकाळ ठेवायचा विचार असेल तर जरूर ठेवा. गेल्या शनिवारी अशीच एक सोसून आले, त्यामुळे सगळी कृती अजून ताजी आहे.

साडेसहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू करू नका. आधी दीपप्रज्वलन, मग प्रायोजक, मग प्रायोजकांचे वडील. बॉम्बच्या भीतीने बीबीसीच्या विनोदी मंडळींनी बिऱ्हाड लंडनहून ब्रिस्टलला आणि 1941 मध्ये वेल्समधल्या बँगोरला हलवलं, तरी त्यांचा खेळ अर्ध्या तासात बसायचा. त्यांच्याकडे शाल-श्रीफळ नव्हतं ना.

निवेदक असा निवडा, की ज्याला शांततेची भीती वाटते. विनोदी नट टॉमी हँडलेचा बीबीसीवरचा कार्यक्रम 'इट्स दॅट मॅन अगेन' 1939 ते 1949 चालला, त्यातली सगळी गंमत वेगात. दार उघडतं, मिसेस मॉप बादली खडखडवत आत येते, आपलं ठरलेलं वाक्य टाकते, निघून जाते. हसू ओसरायच्या आत पुढचं पात्र हजर. आमच्या निवेदकांनी दार उघडताच रेकॉर्डिंग थांबवलं. "बघा हं, ही झाडूपोछावाली आहे." बरं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. "इथे लोक फार हसायचे." अहो, हसायचेच! त्यांना मधे कोणी थांबवत नव्हतं! मग आला फुन्फ, जर्मन हेर. जॅक ट्रेन हा नट काचेच्या ग्लासात बोलून तो आवाज काढायचा. सांगण्यासारखं होतं ते एवढंच, आणि नेमकं तेच सांगितलं नाही. त्याऐवजी फुन्फ बोलत असताना महाशयांनी स्वतःची चारोळी म्हटली. युद्धावर. मग आणखी एक, आईवर. हँडले 1949 च्या जानेवारीत गेला आणि बीबीसीने कार्यक्रमच संपवला, दुसरा माणूस आणून तो रेटला नाही. आपल्याकडे मूळ माणूस जिवंत असतानाही मधे दुसरा बोलतो.

गाणी लावायची तर टाळ्या हव्यातच. बीबीसीचा गाण्यांचा कार्यक्रम 'म्युझिक व्हाइल यू वर्क' 23 जून 1940 ला कारखान्यांसाठी सुरू झाला. पुढे बीबीसीने टाळ्यांचं एक लोकप्रिय गाणं कामाच्या वेळेत वर्ज्य केलं, कारण कामगार हातातलं काम सोडून ठेका धरायचे. आपल्याला तसली काही अडचण नाही. "हात वर! मागच्यांचा आवाज येत नाहीये!"

फर्माईशी मात्र घेऊ नका. 1942 पासून अमेरिकी सैनिक 'कमांड परफॉर्मन्स' या रेडिओ कार्यक्रमाला पत्रं पाठवून हवं ते मागायचे. परवा मागच्या रांगेत विविध भारतीवरच्या 'जयमाला'वर वाढलेले आजोबा चिठ्ठी घेऊन बसले होते. "वेळेअभावी" ती घेतली नाही. वेळ कोणी खाल्ला?

निवेदक महाराज, तुम्हाला बोलता येतं हे कळलं, पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. आम्ही तिकीट तुमचं काढलं नव्हतं. जो विनोद ऐकू दिला नाही तो समजावून काय सांगता? आणि आयोजकहो, माईक यांच्या हातात दिलात तो परत घेण्याची हिंमत एकालाही झाली नाही? पुढच्या वेळी रेकॉर्डिंग लावा, माईक बंद करा आणि यांना खाली उतरवा.