इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची नावं? नाही हो मामा

आज ११ नोव्हेंबर, १९१८ साली याच दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं, आणि नेमका आजच मामांनी फॅमिली ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परत टाकलाय, "इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलीयत", आणि खाली जात-धर्मवार हिशोब. मामा, राग मानू नका, पण यात खरं म्हणजे फक्त "इंडिया गेट" एवढंच.

अहो ते बांधलं इंग्रजांनी. पायाभरणी १९२१ ला, उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ ला व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते, आणि त्याच सरकारने २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेवना फासावर चढवलं. ही माणसं स्वातंत्र्यसैनिकांची नावं दगडात कोरणार होय?

आकडाही चूक. नावं तेरा हजारांच्या आसपास आहेत, सगळी लष्करातल्यांची, त्यात काही गोरे लोकही. जात-धर्म कुठेच लिहिलेला नाही, मग तो हिशोब कुणी मांडला देव जाणे.

आणि मला जास्त लागतं ते पुढचं. महायुद्धात बाहेरदेशी मारल्या गेलेल्या बहुतेकांची नावं तिथे नाहीतच! कमानीवरचा मजकूर नीट वाचा, फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथे पडलेल्यांचा त्यात नुसता उल्लेख आहे, नावं आहेत ती वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. आपल्या मराठा पलटणी गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, त्यातली ११० वी मराठा तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात उपासमार काढून एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या कैदेत गेली. इराकमधल्याच बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. मेल्यावरसुद्धा रँक बघितली.

आता कुणीतरी लिहिणारच, "मग ते इंग्रजांचे नोकर, त्यांना कशाला आठवायचं?" असतील नोकर, पोटासाठी गेले असतील. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या युद्धातून परत आलेच नाहीत, एका गावातले ४६, त्यांच्या घरी जाऊन सांगा हे.

स्मारकच बघायचं तर दिल्लीपर्यंत जायलाही नको. मुंबईतल्या मशीद बंदर स्टेशनजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात त्याच युद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. मामा, तुम्ही इतकी वर्षं मशीदलाच उतरायचात ना, कधी बघितलंय?