सोमवार सकाळचे पंचपद

रविवारी शिकागो बेअर्स हा आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला की सोमवारी सकाळी नेपरव्हिल या उपनगरातून शिकागोच्या युनियन स्टेशनला जाणाऱ्या मेट्रा या लोकल रेल्वेच्या गाडीत मला पंच म्हणून बसावे लागते. या पदासाठी मी कधी अर्ज केला नव्हता, त्याला मानधन नाही आणि मी दिलेला निकाल आजवर एकाही पक्षाने मान्य केलेला नाही. या मार्गावरच्या दुमजली डब्यांत खालच्या बाकाची पाठ हाताने ढकलून उलट्या दिशेला फिरवता येते, आणि तशी ती फिरवली की चार माणसे गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. ही सोय ज्याने काढली त्याच्या मनात बहुधा पत्त्यांचा डाव असावा. आमच्याकडे तिचा उपयोग मला खिडकीशी कोंडण्यासाठी होतो.

कोंडणारे दोघे मराठीच आहेत. एक मूळचे साताऱ्याचे, दुसरे नागपूरचे. दोघेही शिकागोच्या उपनगरांत केस पांढरे करून बसलेले, आणि एरवी एकमेकांवाचून ज्यांचे पान हलत नाही असे. सातारकरांचे ठाम मत असे की बेअर्स हरतात ते चेंडू घेऊन धावत नाहीत म्हणून. नागपूरकरांचे तितकेच ठाम मत असे की बेअर्स हरतात ते बचावातल्या माणसांचे लक्ष ठिकाणावर नसते म्हणून. या दोन मतांच्या मध्ये साधारण बत्तीस इंच रुंदीची एक जागा आहे आणि तिच्यावर मी बसतो.

ज्यांचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे भाग आहे की, या खेळात चेंडू ज्याच्याकडे असतो त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकावा किंवा शेजारून निघालेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी तो द्यावा आणि त्याने समोरच्या मांसाच्या भिंतीत डोके खुपसून धावावे, असे दोन मार्ग असतात. फेकणे दिसायला देखणे असते. धावणे म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारी दादर स्टेशनाबाहेर फुलांच्या पाट्यांमधून वाट काढण्यासारखे असते: बराच वेळ धक्के खायचे आणि शेवटी पाहायचे तर आपण तीन पावले पुढे आलेलो असतो. पण सातारकरांना त्या तीन पावलांतच खरे पौरुष दिसते. तीन, मग चार, मग पुन्हा तीन, असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले की चौथे बोट माझ्या बरगडीत येते.

या भांडणाची मुळे शोधायची तर 1985 च्या संघापर्यंत जावे लागते, आणि आमच्याकडे दर सोमवारी जावेच लागते. त्या वर्षी बेअर्सनी पंधरा सामने जिंकले, एक हरला, आणि 26 जानेवारी 1986 रोजी न्यू ऑर्लिन्सला अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा 46-10 असा धुव्वा उडवला. त्या संघात वॉल्टर पेटन होता, ज्याने त्या हंगामात 1,551 यार्ड आणि सगळ्या कारकिर्दीत 16,726 यार्ड धावून काढले. त्याच संघात बडी रायनचा ‘46’ नावाचा तो भयंकर बचावही होता. मुख्य प्रशिक्षक माइक डिट्का आणि बचावाचा प्रशिक्षक रायन यांचे आपसांत मुळीच पटत नसे, आणि विजयानंतर खेळाडूंनी दोघांनाही खांद्यांवर घेऊन मैदानाबाहेर नेले. मला वाटते, वादाचा सगळा घोळ तिथेच झाला. एकालाच उचलले असते तर चाळीस वर्षांनी माझी सकाळ वाचली असती.

सातारकर पेटनचे नाव घेताना आवाज खाली आणतात. 1977 मध्ये अंगात फ्लू असताना त्याने मिनेसोटाविरुद्ध एका सामन्यात 275 यार्ड काढले होते, ही गोष्ट मी त्यांच्याकडून इतकी ऐकली आहे की मला साधी सर्दी झाली तरी आपण काहीच केले नाही अशी लाज वाटते. त्यावर नागपूरकरांचे उत्तर ठरलेले असते. ‘अहो साहेब, 1977 ला पेटन होताच ना? मग ट्रॉफी कुठे होती? बचाव आला तेव्हा ट्रॉफी आली.’ इथे सातारकर चष्मा काढून पुसू लागतात. चष्मा पुसणे म्हणजे शस्त्राला धार लावणे, हे मला आता कळते.

एखादा सामना असा यावा की ज्याने हा वाद कायमचा मिटेल, अशी माझी फार इच्छा होती. तो 27 ऑक्टोबर 2024 रोजी आला आणि त्याने वाद अमर करून ठेवला.

वॉशिंग्टन कमांडर्सविरुद्धचा तो सामना वॉशिंग्टनजवळ लँडोव्हर येथे होता. बेअर्स बारा गुणांनी मागे होते. मग डी’आंद्रे स्विफ्ट छप्पन यार्ड धावला आणि फलक 12-7 झाला. चौथ्या सत्रात बेअर्स गोलरेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपले. एक यार्ड म्हणजे तीन फूट. संघात पगारी रनिंग बॅक असताना प्रशिक्षकांनी चेंडू दिला तो डग क्रेमरला, म्हणजे राखीव सेंटरला, ज्याचे काम एरवी दुसऱ्यांना ढकलण्याचे असते. देता-घेतानाच चेंडू निसटला आणि वॉशिंग्टनने झडप घातली. या कल्पनेचे मूळही 1986 च्या त्या अंतिम सामन्यातच असावे: तिथे डिट्काने एका यार्डावरून चेंडू ‘रेफ्रिजरेटर’ पेरी या अगडबंब बचावपटूला दिला, त्याने टचडाउन केले, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, आणि पेटन बिचारा त्या सामन्यात एकही टचडाउन न करता घरी गेला. शिकागोत वारसा असा चालतो.

तरीही बेअर्सनी शेवटची पंचवीस सेकंद उरली असताना 15-12 अशी आघाडी घेतली. सामना जवळजवळ संपला होता. शेवटच्या चेंडूसाठी वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स सज्ज झाला, चेंडू खेळात आला, आणि त्या क्षणी बेअर्सच्या बचावातला कॉर्नरबॅक टायरिक स्टीव्हनसन मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांना हातवारे करून डिवचत होता. भान आल्यावर तो धावत आला, गर्दीत उडी मारली, त्याचा हात चेंडूला लागला, आणि चेंडू उडून गेला तो मागे गोलरेषेपलीकडे एकट्याच उभ्या असलेल्या वॉशिंग्टनच्या नोआ ब्राउनच्या हातात. बावन्न यार्ड, 18-15, सामना समाप्त. स्टीव्हनसनने नंतर जाहीर माफी मागितली. माझी कोणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघेही माझ्याआधी स्थानकावर हजर होते, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर पराभवाच्या दुःखाआड विजयाचे तेज लपत नव्हते. सातारकरांकडे तीन फूट होते, नागपूरकरांकडे हातवारे होते. ‘ते तीन फूट सरळ धावले असते, तर त्या शेवटच्या फेकीला अर्थच उरला नसता,’ असे एक म्हणत, आणि ‘तो पोरगा समोर बघत असता, तर तुमच्या तीन फुटांची आठवण तरी कोणी काढली असती का भाऊ?’ असे दुसरे विचारत. दोन्ही विधाने निर्विवाद सत्य होती, हाच माझा छळ. गाडी हिन्सडेलला आली तेव्हा सातारकरांनी खिडकीबाहेर हात केला, कारण क्रेमर हिन्सडेल सेंट्रल हायस्कूलमधून खेळलेला आहे. त्या दिवसापासून हिन्सडेल आले की आमच्याकडे दोन मिनिटे क्रेमरसाठी राखीव असतात. पलीकडच्या बाकावर बेअर्सची टोपी घातलेले एक गोरे आजोबा बसतात. आमच्या मराठीतून त्यांना ‘क्रेमर’ एवढेच ऐकू गेले असावे, पण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून, एखाद्याच्या घरी समाचाराला गेल्यावर हलवतात तशी मान हलवली.

या वादाला सुट्टी मिळाली ती एकदाच. त्या पराभवापासून बेअर्स ओळीने दहा सामने हरले, आणि त्यांतला थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा डेट्रॉइटचा सामना असा की बरोबरीची संधी समोर, हातात घड्याळ थांबवणारा एक टाइमआउट शिल्लक, आणि प्रशिक्षकांनी तो न वापरता घड्याळ चालू दिले. 23-20. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांना घरी पाठवले गेले. हंगामाच्या मध्येच मुख्य प्रशिक्षकाला काढण्याची या संघाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. पुढच्या सोमवारी दोघांचे इतके एकमत होते की सिसेरो स्टेशन येईपर्यंत कोणी बोलेना. ती शांतता सातारकरांनाच असह्य झाली असावी, कारण उतरताना ते स्वतःशीच पुटपुटले, ‘पण धावले असते तर टाइमआउटची वेळच आली नसती.’

नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन आले आणि बेअर्स चक्क जिंकू लागले, तेव्हा मी माझ्या पिशवीत एक कादंबरी ठेवू लागलो. तिची पहिली सोळा पाने वाचून झाली आणि 2 नोव्हेंबर 2025 उजाडला. सिनसिनाटीविरुद्ध नवख्या काइल मोनान्गाईने एकट्याने 176 यार्ड धावून काढले. त्याच सामन्यात बचावाने चाळिशी पार केलेल्या जो फ्लॅकोला 470 यार्ड फेकू दिले. शेवटी सतरा सेकंद उरली असताना अठ्ठावन्न यार्डांच्या एका टचडाउनने बेअर्स 47-42 असे जिंकले. सोमवारी सातारकर पेढे घेऊन आले आणि नागपूरकरांनी पेढा तोंडात असतानाच विचारले, ‘बेचाळीस दिले कोणी?’ कादंबरी सतराव्या पानावर आहे.

त्या दिवशी मी पंचाचा अधिकार वापरून विषयच बदलायचे ठरवले. म्हटले, दोष धावण्याचाही नाही आणि बचावाचाही नाही, दोष लाथ मारणाऱ्याचा धरावा. जानेवारी 2019 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध कोडी पार्कीची त्रेचाळीस यार्डांवरची, गुणांसाठी मारलेली शेवटची किक आधी उभ्या खांबावर आणि मग आडव्या दांडीवर आपटून बाहेर आली आणि बेअर्स 16-15 असे हरले, हे तर दोघांनाही मान्य असायला हवे.

दोघांनीही माझ्याकडे प्रथमच एकत्र वळून पाहिले.

‘अहो, पण धावून चेंडू आणखी दहा यार्ड पुढे नेला असता, तर एवढ्या लांबून किक मारायची वेळ आली असती का?’ सातारकर म्हणाले.

‘आणि छप्पन सेकंद उरली असताना, चौथ्या संधीवर, फिलाडेल्फियाच्या त्या गोल्डन टेटला दोन यार्डांवरून टचडाउन करू दिले नसते, तर किक मारायचीच कशाला होती?’ नागपूरकर म्हणाले.

गाडी अजून बर्विनलाही पोहोचली नव्हती.