चाळीस मुलांच्या वर्गाला एक फोन पुरतो

शाळेत मोबाइल असावा की नसावा, हा वाद निघाला की दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: प्रत्येक मुलाच्या हातात एक पडदा. एक बाजू म्हणते सगळ्यांना द्या, दुसरी म्हणते सगळ्यांचे काढून घ्या. मला हे चित्रच चुकीचं वाटतं. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाच्या हातात एक फोन असला आणि तो प्रश्न विचारायला नि मोजमाप करायला वापरला, तर चाळीस पडद्यांपेक्षा जास्त काम होतं.

पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. योजना आलेल्या शाळांत संगणकांचं प्रमाण मुलामागे ०.१२ वरून १.१८ वर गेलं होतं, म्हणजे यंत्रं खरोखरच पोचली होती. तरी सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. यंत्र आलं, पण त्याने मुलाला नेमकं काय करायला लावायचं हे ठरलेलं नसेल, तर दुसरं काय होणार?

फोनचा वर्गातला सगळ्यात चांगला उपयोग कोणता, असं विचारलं तर मी सांगेन, कागदी कार्डं वाचणं. प्लिकर्स नावाचं ॲप आहे. त्याची कार्डं छापून घ्यायची. प्रत्येक कार्डावर एक वेगळी काळी चौकोनी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर बरोबर वाटतं ती बाजू वर करून त्याने कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. अक्षरं बारीक आणि प्रत्येकाची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याची नक्कल करता येत नाही. हात वर करणारी तीच ती पाच मुलं आणि गप्प बसणारी पस्तीस, हा प्रश्न एका मिनिटात सुटतो.

बिघडतं कुठे तेही सांगतो. कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन केलं की दिव्याचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. जाड, मॅट कागदावर छापा. मुलं बोटांनी काळा भाग झाकतात, म्हणून कार्ड पांढऱ्या कडेला धरायची सवय पहिल्याच दिवशी लावा. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात, अशा वेळी खिडकीकडे पाठ करून तुम्ही उभे राहा आणि मुलांना तुमच्याकडे वळवा. कार्डाचा क्रमांक आणि हजेरीचा क्रमांक एकच ठेवा, नाहीतर कार्डांची अदलाबदल होऊन नोंदी निरुपयोगी होतात.

पण कार्डं हा सोपा भाग. खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. समजा, दशांश अपूर्णांक शिकवले आहेत. '०.५ आणि ०.१२५ यांत मोठी संख्या कोणती' हा प्रश्न कच्चा आहे, कारण 'जितके अंक कमी तितकी संख्या मोठी' अशी चुकीची समजूत असलेलं मूलही ०.५ म्हणेल आणि तुम्हाला वाटेल याला समजलं. त्याऐवजी ०.३, ०.३५ आणि ०.१२५ द्या. दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचणारं मूल ०.१२५ निवडतं. 'अंक कमी म्हणजे मोठी' असं मानणारं ०.३ निवडतं. ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तेच ०.३५ म्हणतं. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजाचा पत्ता असला पाहिजे. आणि चौथी बाजू 'मला येत नाही' यासाठी राखून ठेवा, अंदाजपंचे उत्तरं कमी होतात.

उत्तरं आल्यावर काय करायचं याचा चांगला नियम हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते ती वापरत आले. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर शिक्षकाने गप्प बसायचं. मुलांनी शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटं आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि मग पुन्हा कार्डं वर. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर चर्चेत अर्थ नाही, पटवून द्यायला कोणाकडे काही नसतंच, पुन्हा शिकवा. ७० च्या वर असेल तर थोडक्यात खुलासा करून पुढे जा. एक पथ्य मात्र कसोशीने पाळा: कोणत्या उत्तराला किती मुलं आहेत हे दाखवणारा ॲपमधला आलेख दुसऱ्या फेरीआधी फळ्यावर दाखवू नका. एकदा उंच खांब दिसला की मुलं विचार सोडून खांबाच्या मागे जातात. मी तर म्हणेन, ही दोन-तीन मिनिटं म्हणजेच त्या दिवसाचा तास. फोनने फक्त त्यांची वेळ कधी आली ते सांगितलं.

दुसरा उपयोग मोजमापाचा. साध्या स्मार्टफोनमध्येही मायक्रोफोन आणि त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा भाग) असतो, अनेकांत प्रकाशमापक, चुंबकत्वमापक वगैरेही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप हे संवेदक उघडे करून देतं. ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग घ्या, इथे मात्र दोन फोन लागतात. दोन्ही फोनवर 'ध्वनी स्टॉपवॉच', म्हणजे एका आवाजाने सुरू आणि पुढच्या आवाजाने बंद होणारं घड्याळ, उघडून ते फोन टेपने मोजून बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण दुसरं जरा उशिरा, कारण आवाज तिथे पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनजवळ टाळी. आता दुसरं लगेच थांबतं आणि पहिलं उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तेव्हा हा फरक साधारण ०.०२९ सेकंद यायला हवा.

बहुतेक वर्गांत पहिल्यांदा तो येत नाही, आणि का येत नाही ते शोधण्यातच शिकणं आहे. आवाजाची उंबरठा-पातळी, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळाने दाद द्यायची ती मर्यादा, फार कमी ठेवली तर पंख्याच्या घरघरीनेच घड्याळ सुरू होतं, फार जास्त ठेवली तर लांबच्या फोनला टाळी ऐकूच जात नाही. मोकळ्या हॉलमध्ये पहिल्या टाळीचा प्रतिध्वनीच घड्याळ थांबवून टाकतो, त्यासाठी ॲपमधला किमान विलंब (सुरू झाल्यावर जेवढा वेळ घड्याळ दुसऱ्या आवाजाकडे लक्ष देत नाही तो) अर्ध्या सेकंदापर्यंत वाढवा आणि दुसरी टाळी त्यानंतरच वाजवा. सगळ्यात गमतीची चूक उभं राहण्याची. टाळी वाजवणारी दोन्ही मुलं फोनच्या आतल्या बाजूला, म्हणजे दोन फोनच्या मधे, अर्धा-अर्धा मीटर पुढे उभी राहिली तर प्रत्येक टाळीमागे एक मीटर खाल्ला जातो आणि वेग ४२९ निघतो. तीच मुलं त्याच रेषेत फोनच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली तर कितीही मागे असोत, उत्तर बिघडत नाही. असं का, हे आठवीच्या मुलांना कागदावर रेघ आखून शोधू द्या. उत्तर सांगून टाकलंत तर प्रयोगाचा निम्मा जीव गेला.

प्रयोगापूर्वी दोन्ही फोन विमान मोडवर टाका, मधेच आलेला फोन सगळं वाया घालवतो. प्रोजेक्टरला जोडलेल्या फोनवर तर खासगी संदेश भिंतीवर झळकतात.

व्हिडिओबद्दल मी मुद्दाम थोडक्यात लिहितो, कारण एरवी सगळी चर्चा तिथेच अडकते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ सालच्या विश्लेषणात असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक काळ (निम्मे लोक ज्याहून कमी बघतात तो) ६ मिनिटांच्या वर जात नाही. तेव्हा पाच मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर वहीत लिहायचा एक प्रश्न द्या.

आवाजाचा निरोप मात्र फार दुर्लक्षित राहिला आहे. निबंधाच्या वहीवर लाल शाईत 'सुधारणा हवी' लिहून काहीच होत नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलासाठी ४५ सेकंद बोला: 'दुसऱ्या परिच्छेदातली तिसरी ओळ बघ, इथे कारण दिलंस पण उदाहरण नाही, तेवढं एकच लिहून आण.' सेकंदाला २४ किलोबिट अशा ध्वनिमुद्रणात हा निरोप जेमतेम १३५ केबीचा होतो, चाळीस मुलांचे मिळून साडेपाच एमबीसुद्धा भरत नाहीत. परिच्छेद आणि ओळ सांगा, आणि काम एकच द्या. तीन कामं दिली की एकही होत नाही. निरोप घरातल्या कोणाच्याही फोनवर ऐकता येतो, मुलाचा स्वतःचा फोन लागत नाही.

मराठी शिक्षकांसाठी आणखी एक. युनिकोड म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून ठरलेली पद्धत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स फोनवर उघडल्या की अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. मग लोक पानाचा फोटो पाठवतात. तो वाचता येतो, पण शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ज्या मुलाला कमी दिसतं त्याच्या फोनमधलं वाचून दाखवणारं ॲप त्या फोटोपुढे अनेकदा मुकं होतं. युनिकोडमध्ये टाइप केलेला साधा मजकूर पाठवा.

राहिला घरचा अभ्यास. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांचं ४० वर आलं, आठवणाऱ्यांचं ६१. म्हणून फोनवर अभ्यास करायचाच असेल तर अंकीसारखं प्रश्नकार्डांचं ॲप वापरावं. एका कार्डावर एकच गोष्ट, कार्ड मुलाने स्वतः लिहिलेलं, आणि उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. ॲप मुळात रोज २० नवी कार्डं देतं, शाळकरी मुलाला ती झेपत नाहीत. जुन्यांची उजळणी साचत जाते आणि महिनाभरात मूल ॲप उघडणंच सोडतं. संख्या ५ वर आणा.

आणि घरी फोन नसेल तर अडत नाही. आलेलं कार्ड जास्त दिवसांनी आणि चुकलेलं लवकर विचारायचं, ही अशा ॲपमागची युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्येच कागदी कार्डांसाठी मांडली होती. खोक्याचे पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, जो रोज बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, आणि प्रत्येक पुढचा कप्पा आधीच्यापेक्षा दुप्पट दिवसांनी उघडायचा. चुकलं, तर कार्ड पाचव्या कप्प्यात असलं तरी थेट पहिल्यात.