आईने पाणी पिणे थांबवले, की प्रवास मोटारीचा आहे असे समजावे

आज दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर कार्तिकी पौर्णिमेच्या काशीयात्रेचा बेत ठरला, आणि तो वाचून आलेला संताप अजून उतरलेला नाही. दादाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, लिहिले होते : "सात जणांची नवी गाडी दारात उभी असताना रेल्वेने कोण जाते? समृद्धीने नागपूर, पुढे जबलपूर, रीवा, की आलीच काशी." त्याखाली घरातल्या सगळ्यांचे अंगठे पडले. आईला कोणी विचारले नाही. ती ऐंशीला टेकली आहे, आणि ही यात्रा तिच्यासाठी म्हणूनच काढली आहे. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुम्ही न्याल तशी येईन."

हे वाक्य मी याआधी ऐकलेले आहे. गेल्या वर्षी जबलपूरला आमच्या नात्यात लग्न होते, त्या वेळीही ती हेच म्हणाली होती.

त्या प्रवासात दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी बसली होती, आणि मी व आई मागे होतो. पहाटे पुण्याहून निघून छत्रपती संभाजीनगरपाशी समृद्धी महामार्ग धरायचा आणि नागपूर ओलांडून रात्री शिवनीला मुक्काम करायचा, असे ठरले होते. आईच्या मांडीवर तिची स्टीलची बाटली होती, ती मी स्वतः पुण्यात काठोकाठ भरून दिली होती. वाटेत ती झाकण उघडायची, बाटली ओठांना लावायची आणि झाकण पुन्हा घट्ट बसवायची. ती पाणी पिते आहे असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. रात्री शिवनीच्या हॉटेलात मी बाटली विसळायला घेतली, तेव्हा ती जवळजवळ भरलेलीच होती. आई दिवसभर केवळ ओठ ओले करत होती. नंतर समजले की आदल्या दिवशी दुपारपासूनच तिने पाणी आणि चहा दोन्ही कमी केले होते, कारण तिच्यासाठी गाडी वारंवार थांबवावी लागली असती आणि दादाच्या वेळेचा खोळंबा झाला असता. मध्यरात्री तिला चक्कर आली, पहाटे हुडहुडी भरून ताप चढला. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावले आणि लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झाल्याचे सांगितले. लग्नात ती एका खोलीत पडून होती, आणि ज्या भाचीसाठी ती एवढ्या लांब आली होती, तिच्यावर अक्षता टाकायलाही तिला उठता आले नाही.

गाडीत बसलेली म्हातारी माणसे "अजून किती लांब आहे रे?" असे पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा पुढे बसलेल्यांना ती भुणभुण वाटते. त्या दिवशी जालन्याच्या पुढे आईने दादाला तो प्रश्न विचारला, मेहकरच्या आसपास पुन्हा विचारला, आणि त्यानंतर विचारणेच सोडून दिले. त्या प्रश्नात अंतराची चौकशी मुळीच नव्हती. आपल्या देशातल्या बायका हे गणित लहानपणापासून करत आल्या आहेत. परीक्षेला जाताना, एस.टी.ने माहेरी जाताना, मोर्चाला जाताना, शेतात राबताना त्या पाणी मोजून पितात. हे वाचणाऱ्या मैत्रिणींना याचा पुरावा देण्याची गरज मला वाटत नाही.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो सरळ, रुंद आणि उत्तम बांधलेला आहे, त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, हे सगळे खरे आहे. परंतु त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा मैलोगणती स्वच्छतागृह नव्हते, आणि आज ज्या सोयी झाल्या आहेत त्या ऐंशीच्या बाईला पुरतील अशा अंतराने नाहीत. शिवाय एकदा त्या रस्त्यावर चढलात, की वाटेत कोणाच्या ओळखीच्या घरी पाच मिनिटे टेकण्याची सोय राहत नाही. नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलात हरणांना आणि वाघांना ये-जा करता यावी म्हणून महामार्ग उचलून घेऊन त्याखालून वाटा ठेवल्या आहेत. ते अगदी योग्य झाले आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे आईला घेऊन गेले, तेव्हा दाराला कडी नव्हती, फरशीवर घोट्याइतके पाणी साचले होते, आणि ज्या गुडघ्यांनी तिला जमिनीवर बसता येत नाही त्या गुडघ्यांवर तिने उकिडवे बसावे अशी तिथली अपेक्षा होती. मी बाहेरून दार ओढून धरले होते. ती तशीच परत बाहेर आली आणि म्हणाली, "नको, मला तशी गरज नव्हतीच." त्या वाक्याचा राग मला आजही येतो. अर्थात आईचा नाही.

आता दादाविषयी. तो चांगला गाडी चालवतो आणि आईवर त्याचा जीव आहे, म्हणूनच मला त्याची अधिक काळजी वाटते. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच माणूस डोळे ताणून त्या सरळ रस्त्याकडे पाहत राहतो आणि आपण मागे बसून डुलक्या काढतो, यात कसली सहल आहे? १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसला आग लागून २५ माणसे गेली, ती बातमी वाचताना आपण सगळे हळहळलो होतो. ती रात्र इतक्या लवकर कशी विसरली जाते, हे मला खरोखरच समजत नाही. रेल्वेच्या इंजिनात दोन माणसे असतात आणि त्यांची कामाची पाळी संपली की भुसावळ, इटारसी, जबलपूर अशा स्थानकांवर ताजी माणसे येऊन बसतात. पुण्याहून काशी साधारण पंधराशे किलोमीटर आहे. दादाची पाळी वाटेत कोण बदलणार आहे? भाच्याला परवाना मिळून फार काळ झालेला नाही.

जबलपूरहून परत येताना मी आईला घेऊन रेल्वेने आले. दादाला ते आवडले नव्हते. वातानुकूलित डब्यात तिला खालचा बर्थ मिळाला. नर्मदेचा पूल आला तसे तिने काचेतून हात जोडले, आणि नरसिंहपूर मागे पडल्यावर स्वतःहून माझ्याकडे पाणी मागितले. ती पेलाभर पाणी प्यायली, थोड्या वेळाने उठली, माझा दंड धरून डब्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि आली. इटारसीला चहा मागितला. खांडव्याच्या आधी पुन्हा उठली, या वेळी मला न सांगता, आणि मी डोळे उघडले तर ती परत येऊन शाल पायांवर घेत होती. ज्या बाईने शिवनीपर्यंत एका बाटलीतले चार घोटही घेतले नव्हते, तिने भुसावळ यायच्या आत तीच बाटली रिकामी केली. समोरच्या बर्थवरच्या सागरच्या बाईंशी तिच्या मुलाबाळांपासून लोणच्यापर्यंत सगळ्या गप्पा झाल्या. गाडीत दादाच्या पाठीकडे पाहत बसलेली आई आणि ही आई एकच, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

मला माहीत आहे, या पोस्टखाली कोणी ना कोणी येऊन रेल्वेच्या स्वच्छतागृहांचे वर्णन करणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाण होतात, पाणी संपते, आणि धावत्या गाडीत म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो, हे मला मान्य आहे. म्हणून मी प्रत्येक वेळी दाराशी उभी होते. पण तिथे कमोड असते, धरायला दांडी असते, आणि मुख्य म्हणजे ते वीस पावलांवर असते. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

आणि रेल्वेवर माझा राग नाही असे कोणी समजू नये. ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात जी सवलत होती, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने काढून घेतली आणि साथ ओसरल्यावरही परत दिली नाही. तरुणपणी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून प्रवास केलेल्या पिढीच्या म्हातारपणी हे करायला नको होते. पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण सणासुदीला उघडताक्षणीच संपते आणि सर्वसाधारण डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पंचेचाळीसच्या पुढच्या स्त्रियांना आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे, पण ती जागा शिल्लक असेल तरच. इंजिन चालवणाऱ्यांचे तर त्याहून वाईट आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक म्हणून रुजू झाल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून आपण त्यांचे कौतुक केले. त्यांच्यामागून आलेल्या मुली आजही इंजिनात स्वच्छतागृह नाही म्हणून दाद मागत आहेत, आणि ती सोय आता कुठे काही इंजिनांत होऊ लागली आहे. त्या मुली पाळीवर निघताना काय करत असतील, हे मला कोणी वेगळे सांगायला नको.

मोटारीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. आपल्या मनाप्रमाणे निघता येते, भेडाघाटला थांबता येते, मैहरला देवीचे दर्शन घेता येते, सामान उचलावे लागत नाही. घरातले सगळे तरुण असते आणि चालवणारे तिघे असते, तर मी एक शब्दही लिहिला नसता. खर्चाचे म्हणाल, तर इंधन, टोल, दोन्ही वेळचा वाटेतला मुक्काम धरला की वातानुकूलित तिसऱ्या वर्गाच्या तिकिटांपेक्षा फार काही वाचत नाही.

मुंबईला कलकत्त्याशी जोडणारा जबलपूरवरून जाणारा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला. त्याआधी आपल्याकडची माणसे काशीला निघायची ती घरच्यांचा कायमचा निरोप घेऊनच, कारण वाटेत महिने जायचे आणि परत येण्याची खात्री नसायची. या रुळांमुळे माझ्या पणजीसारखी कधी गावाबाहेर न पडलेली बाई गंगेत बुडी मारून घरी परत आली आणि तिने मावंदे, म्हणजे यात्रा पुरी झाल्याचे जेवण, घातले. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सुखरूप नेऊन आणणे ही त्या यात्रेची पहिली अट होती. आमच्या गटावर आज दुपारपासून चर्चा चालली आहे ती किती तासांत पोहोचू याची, वाटेत कोणत्या ढाब्यावर जेवू याची, आणि गाडीच्या छताच्या काचेतून फोटो कसे येतील याची.

हे लिहिता लिहिता भाच्याचा फोन येऊन गेला. तो वाईट मुलगा नाही. आजीला नव्या गाडीत मानाने पुढच्या सीटवर बसवायचे त्याच्या मनात होते, आणि शिवनीची ती रात्र त्याला ठाऊकच नव्हती, कारण तो त्या प्रवासात आलेला नव्हता आणि आईने आम्हाला कोणाला बोलू दिले नव्हते. मी त्याला बाटलीची गोष्ट सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आत्या, आजी मला का नाही म्हणाली?" त्याच्यावरचा माझा राग तिथेच निवळला. मात्र दादाने गटावर अजून काही लिहिलेले नाही.

माझ्यापुरते ठरले आहे. आई आणि मी रेल्वेने जाणार आहोत. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशे वीस दिवस आधी नाही, त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच मी संगणकासमोर बसलेली असेन. पुण्याहून ज्ञानगंगा मिळाली तर ठीक, नाही तर मुंबईला जाऊन महानगरी किंवा कामायनी पकडू. दादाला गाडी न्यायचीच असेल तर त्याने बरोबर दुसरा चालवणारा घ्यावा आणि नागपूरला मुक्काम करावा, हे मी त्याला आज रात्री फोनवर सांगणार आहे.

तुमच्यापैकी कोणी अलीकडे म्हाताऱ्या माणसांना घेऊन वाराणसी स्थानकावर उतरले असेल, तर तिथे चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवावी लागते की फलाटावर मिळते, आणि पुलाचे जिने टाळून बाहेर पडता येते का, एवढे कृपया खाली लिहा.