बाबा म्हणजे तू

उद्दालकानं आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, 'तत्त्वमसि', 'ते तूच आहेस', हे नऊ वेळा सांगितलं. म्हणजे बापानं मुलाला. आमच्या घरात हाच उपदेश उलट्या दिशेनं झाला. लेकीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "हा गेम तुझ्याच नावाचा आहे. बघ, 'बाबा इज यू'."

पडद्यावर एक पांढरं जनावर होतं. ससा म्हणावं तर मेंढी वाटावी असं. मी बाणाचं बटण दाबलं, ते हललं. म्हणजे हा मी. इथवरचं अद्वैत लगेच समजलं.

त्या जनावराच्या आसपास भिंती, दगड, एक निशाण आणि इंग्रजी शब्दांचे ठोकळे. 'वॉल इज स्टॉप', 'रॉक इज पुश', 'फ्लॅग इज विन'. हे नियम. भिंत आली की थांबा, दगड आला की ढकला, निशाणावर पोचलात की जिंकलात. पहिलं कोडं असं आज्ञाधारकपणे सुटलं आणि मी खुर्चीत जरा सैलावलो. दुसऱ्या कोड्याचं नावच 'मी जाऊ कुठे?' चारी बाजूंनी भिंती. पंधरा मिनिटं मी त्या कोठडीत येरझाऱ्या घातल्या.

"अरे, शब्द ढकल ना," लेक म्हणाली.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांची मोडकी वाक्यं बसवण्यात माझं आयुष्य गेलं. 'वॉल इज स्टॉप' हे वाक्य समोर शुद्ध, निर्दोष उभं असताना त्यातला एक शब्द धक्का मारून बाहेर काढायचा? हात धजावेना. शेवटी मनातल्या मनात लेखकाची माफी मागितली आणि ढकललं. बाबा भिंतीतून आरपार चालत गेला. भिंत होती तिथेच होती. फक्त तिची नोकरी गेली होती.

आर्वी तेइकारी नावाच्या फिनलंडच्या तरुणानं २०१७ साली एका गेम जॅममध्ये, म्हणजे थोड्या तासांत खेळ रचायच्या जत्रेत, याचा पहिला अवतार केला आणि २०१९ मध्ये पुरा खेळ बाजारात आणला. दोनशेहून जास्त कोडी. त्याला म्हणे लाव्हारसात पडलेली बर्फाची लादी सुचली. शेजारी 'बर्फ वितळत नाही' असं लिहिलंय, म्हणून ती वितळत नाही. मी घरात असं काही बोललो असतो तर आधी माझा ताप बघितला असता.

'बाबा' हे नावही आपल्या बाबांवरून आलेलं नाही. मानसशास्त्रात 'बूबा-किकी' म्हणून एक प्रयोग आहे. एक गुबगुबीत आकार आणि एक टोकदार आकार दाखवून 'यातला बूबा कोणता?' असं विचारलं, तर बहुतेक लोक गुबगुबीताकडे बोट दाखवतात. त्या बूबाचा हा बाबा. हे सांगताना लेक माझ्या पोटाकडे बघत होती.

रात्री झोप लागेना, म्हणून पडल्या पडल्या हा खेळ मराठीत करून पाहिला. जमेना. आपलं क्रियापद शेवटी जाऊन बसणारं. मध्ये उभं राहून दोघांची गाठ मारायला 'इज' नाही. 'म्हणजे'वर कसंबसं भागवता येईल, पण विशेषण आलं की लिंग आलं. भिंत ती, दगड तो, निशाण ते. 'भिंत' काढून तिथे 'दगड' ढकलला, तर शेजारच्या 'मोठी'चं 'मोठा' कोण करणार? प्रत्येक चालीला मुद्रितशोधक लागेल. या विचारानं मात्र छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात 'प्रवेश बंद' या पाटीपुढे मी जरा जास्तच वेळ उभा होतो. 'बंद' हलेल का, ते बघत.

संध्याकाळी एका कोड्यात 'बाबा'च्या जागी 'वॉल' जाऊन बसलं. 'वॉल इज यू'. बाबा जागच्या जागी थिजला, आणि मी बाण दाबला तशा पडद्यावरच्या सगळ्या भिंती एका तालात डावीकडे निघाल्या.

"मी भिंत झालो!" मी ओरडलो.

"त्यात नवीन काय?" आतून बायको म्हणाली. "मघापासून तुझ्याशीच बोलतेय मी."

त्याहून वाईट प्रसंग पुढे आला. धांदलीत 'यू' एक घर पुढे सरकलं आणि वाक्य तुटलं. बाबा होता, भिंती होत्या, पण मी कोणीच नव्हतो. संगीतसुद्धा थांबलं. बाण दाबतोय, काही हलत नाही. मोक्ष कसा मिळवायचा यावर आपल्याकडे ढिगानं लिहिलंय. मिळाल्यावर वेळ कसा काढायचा, यावर एक ओळ नाही. लेकीनं मागून हात घालून झेड दाबलं. त्यानं एक चाल मागे जाता येतं, आणि हवं तितक्या वेळा. मुक्त झालेल्या माणसाला परत संसारात ओढणारं बटण. तेवढं एकच मला पहिल्यापासून नीट वापरता आलं.

मग आलं 'आवाक्याबाहेर'. नाव माझं नाही, कोड्याचं आहे. 'आउट ऑफ रीच'. अगदी सुरुवातीचंच, पण तीन संध्याकाळी गेल्या. निशाण समोर दिसतंय आणि मी पाण्याच्या अलीकडे. दगड पाण्यात ढकलला की दगड बुडतो आणि तेवढं पाणीही नाहीसं होतं, हे कळायला एक संध्याकाळ. ते कळलंय हे आठवायला दुसरी. लेक अधूनमधून येऊन "शब्द ढकल, बाबा" म्हणून जायची. मी दगडच ढकलत राहायचो. तिसऱ्या रात्री, घर झोपल्यावर, सुटलं. एकट्यानं! मी लेकीला उठवून आणलं, लॅपटॉपसमोर उभं केलं आणि ऐटीत पुढचं कोडं उघडलं.

नाव होतं 'अजूनही आवाक्याबाहेर'.

ती अर्धवट झोपेत हसली. "शब्द ढकल, बाबा," म्हणाली आणि परत जाऊन झोपली. माझ्या मोजणीनं हे नववं. श्वेतकेतूला नवव्या वेळी कळलं होतं.

मी झेड दाबलं.