तो आपला आजचा विषय नाही

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

दुपारी ऑफिसनं पाठवलं म्हणून एका कार्यक्रमाला गेले होते. नागपुरातलीच एक वस्ती, समाजमंदिराचा हॉल, साठ-सत्तर बायका, मागं बॅनर: ‘सुरक्षित घर, सक्षम मी’. कुठल्याशा कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्याला काढून ठेवलेला पैसा. विषय नवऱ्याचं पिणं आणि मारहाण. ट्रेनर मॅडम हुशार होत्या, गोड बोलत होत्या. ट्रिगर ओळखा. पगाराच्या दिवशी पैशाचा विषय काढू नका. तो घरी यायच्या आत पोरांची जेवणं उरकून घ्या. धारदार वस्तू हाताशी ठेवू नका. आपल्या प्रतिक्रियेची जबाबदारी आपली. शेवटी प्रत्येकीला एक पिशवी मिळाली. तिच्यात बचतीची वही, पेन आणि गळ्यात घालायच्या दोरीची एक पिवळी शिट्टी.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली एक बाई उठली. म्हणाली, “मॅडम, दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. तेवढं हलवता येते का?”

मॅडम हसल्या. “तो आपला आजचा विषय नाही ताई.”

झालं. मी तिथंच उठून यायला हवं होतं. उठले नाही. चहा-समोसा खाऊन आले, हेही सांगून टाकते.

‘धारदार वस्तू’ ऐकलं आणि मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. माझं लहानपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या कॉलनीत गेलं. भिंतीला भिंत लागून क्वार्टर. काकू मूळच्या करीमनगरकडच्या, मराठी थोडं तेलुगूच्या चालीवर बोलायच्या. पेमेंटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या आमच्या मागच्या दारी यायच्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं आईच्या हातात द्यायच्या. “ताई, आजच्या दिवस ठेवून घ्या न.” आत विळी आणि वरवंटा. विळीचं पातं आधी चिंधीनं गुंडाळलेलं, मग वर लुगडं. आई ते गाठोडं पलंगाखाली सारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू न्यायला यायच्या, कधी डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढलेला. मी आठ-नऊ वर्षांची. मला वाटायचं, यांच्याकडे पेमेंटच्या दिवशी पाहुणे येत असतील, पोरं लहान आहेत, विळीला हात लावतील म्हणून ठेवतात.

म्हणजे बघा, सीएसआर नव्हतं, स्लाइड्स नव्हत्या, आणि पस्तीस वर्षांपूर्वी त्या बाईला सगळा अभ्यासक्रम पाठ होता. ट्रिगर ओळखलेला. पोरं साडेसहालाच जेवलेली. आता तेच तिला आपण सक्षमीकरण म्हणून शिकवतो आणि हजेरीपटावर सही घेतो.

मोठा शब्द वापरते, हसू नका: नवउदारवाद. म्हणजे सगळं बाजारावर आणि ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर सोडून द्यायचं. पुस्तकात तो खाजगीकरण, निर्यात वगैरेंच्या धड्यात येतो. मला तो आज त्या पिवळ्या शिट्टीत दिसला. दारू विकणं हा व्यवसाय, पिणं ही त्याची निवड, मार खाणं ही तिची रिस्क. प्रत्येकाचं खातं वेगळं. सरकार कुठं आहे? गल्ल्यावर बसलंय. पिणाऱ्याला बाटलीवर एक ओळीचा इशारा, बाईला शिट्टी, दुकानाला लायसन्सचं नूतनीकरण.

आणि हे कुठल्या राज्यात? जिथल्या दारूच्या कायद्याचं नाव आजही दारूबंदी कायदा आहे, १९४९चा. कागदोपत्री अजून प्यायला परमिट लागतं. एक दिवसाचं देशीचं २ रुपये, विदेशीचं ५. पिऊन रस्त्यावर धिंगाणा घातला तर त्याच कायद्यानं पोलीस उचलू शकतात. तोच माणूस दहा पावलं चालून उंबरठा ओलांडून आत गेला की तो घरगुती मामला. आमचे बाबा भले माणूस. पण भिंतीपलीकडून आवाज यायला लागला की रेडिओ मोठा करायचे. “त्यांच्या घरचं आपण काऊन बोलायचं?”

मागच्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे २०२५ला, सरकारनं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. लोकांनी कमी प्यावं असं कुणी म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील, हे मात्र सगळीकडे ठळक अक्षरात आलं. शिवाय ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्यापासूनचा नवा प्रकार, १८० मिलीला किमान १४८ रुपये. देशीची क्वार्टर ८०. म्हणजे मधल्या खिशाच्या माणसालाही पायरी बांधून दिली. लगेच कुणीतरी म्हणालं, लाडक्या बहिणींना द्यायला पैसा नको का? हिशेब मांडून पाहिला. १५०० रुपयांत देशीच्या अठरा क्वार्टर येतात आणि साठ रुपये चकण्याला उरतात. बहिणीच्या खात्यात टाकायचे, भाऊजींच्या खिशातून काढायचे.

हो, मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. दारू न पिणारेही मारतात. मारतात. माझ्याच नात्यात एक माळकरी आहेत, कधी थेंब शिवला नाही आणि बायकोच्या कानाला कायमची इजा करून बसले. आणि काकूंचे ‘ते’ कितीही प्यायले तरी खाणीतल्या ओव्हरमनवर, म्हणजे वरच्या मुकादमावर, त्यांचा हात कधी उठला नाही, हेही खरंच. हात कुणावर उचलायचा ते दारू शिकवत नाही. मान्य. पण मग शिट्टी का वाटता? ज्याचा हात उठतो त्याला का नाही बोलावलं हॉलमध्ये? साठ-सत्तर बायका होत्या. पुरुष दोन, एक फोटोग्राफर आणि एक माइकवाला.

बंदीनं काय झालं, हेही विचाराल. विचारा. चंद्रपूरचीच आहे मी. २०१० साली बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत आल्या. पाय फोडून घेतले. ग्रामपंचायतींनी ठराव दिले. १ एप्रिल २०१५ला जिल्ह्यात बंदी झाली. मग शेजारच्या जिल्ह्यांतून रात्री गाड्या यायला लागल्या, शाळकरी पोरांच्या दप्तरात पव्वे सापडले, दुप्पट भावानं विक्री. खोटं कशाला बोलू, माझ्या चुलतभावाला फोन केला की अर्ध्या तासात घरपोच यायची. मे २०२१मध्ये बंदी उठली. कारणं दिली: अवैध विक्री, वाढलेले गुन्हे, बुडालेला महसूल. पहिल्या दोन कारणांवर भांडता येईल. तिसरं कारण निदान प्रामाणिक होतं.

काकूंच्या माहेरीही हेच झालं होतं. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या रोसम्मा आणि तिच्यासोबतच्या बायका, साक्षरतेच्या वर्गात बसल्या आणि १९९२च्या सुमारास गुत्ते बंद पाडायला निघाल्या. आंदोलन आंध्रभर पेटलं, करीमनगरही तेव्हा आंध्रातच होतं. जानेवारी १९९५मध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी बंदी आणली. काकू तेव्हा आईला म्हणाल्या होत्या, “आमच्याकडं बंद झाली ताई, इथं कधी होते?” १९९७मध्ये त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी उठवली. तिजोरीला झेपत नव्हतं. त्याच चंद्राबाबूंना पुढं अख्ख्या देशानं ‘सीईओ मुख्यमंत्री’ म्हणून डोक्यावर घेतलं. काकूंचं माहेर दोन वर्षांपुरतं सुधारलं.

बरं, बंदी नको तर नको. मीही हट्टाला पेटलेली नाही, घरी नवरा पार्टीत बीअर घेतो, मला चालतं. पण एक दुकान, गल्लीच्या तोंडाचं एक दुकान हलवायचं तर काय करावं लागतं? ‘आडवी बाटली’ ऐकलं असेल, दुकान बंद करायचं मतदान: आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. आधी पाव बायकांच्या सह्या. मग मतदान. आणि दुकान बंद व्हायला मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. झालेल्या मतांपैकी नाही हं, यादीतल्या! लग्न होऊन सासरी गेलेली यादीत. वारलेली आजी यादीत. ऊसतोडीला गेलेली यादीत. त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. आमदार व्हायला असली अट लावा, विधानसभेत किती जण उरतील मोजू.

थोडं शांत झाले. मघाशी पाणी प्यायला उठले होते.

त्या मॅडमवर इतकं चिडायला नको होतं. रात्री साडेदहाला जीव वाचवायचा असेल तर विळी लपवणंच कामाला येतं, धोरण नाही. काकूंना त्या गाठोड्यानंच वाचवलं असेल. कुणास ठाऊक, आज त्या हॉलमधल्या एखादीला ती शिट्टीही वाचवेल. पण दोन तासांत एकदा, एकदा तरी सांगायचं ना, की घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५चा कायदा आहे, त्यात कलम १९ आहे, आणि त्याखाली कोर्ट मारणाऱ्याला घराबाहेर जायला सांगू शकतं. तिला नाही, त्याला. स्लाइडवर जागा होती. खाली तीन लोगो होते.

घरी आल्यावर लेकानं पिशवीतली शिट्टी काढली आणि दारात उभा राहून तीनदा फुंकली, कानठळ्या बसतील अशी. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. एकही दार उघडलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र मेसेज आला, ‘प्लीज मुलांना आवरा, आमच्याकडे ऑनलाइन मीटिंग चालू आहे.’

संध्याकाळी आईला फोन केला. काकूंचं काय झालं विचारलं. म्हणाली, त्यांची बदली झाली, घाईघाईत गेले, तेव्हा आदल्या दिवशी पेमेंट होतं. गाठोडं आमच्याकडंच होतं. सकाळी ट्रक उभा, वरून ‘ते’ ओरडत होते. काकू धावत आल्या आणि नुसती विळी उचलून घेऊन गेल्या.

“आणि वरवंटा?”

“आहे न माझ्यापाशी. मिक्सर बिघडला की त्यावरच चटणी वाटते मी.”